बाराचा पाढा आणि बुटाचं खोकं

पेनातली धातूची रिफील संपली की मी ती वर्षानुवर्षं केरात टाकत आले. एकदा टाकता टाकता सवयीनं मनात बारानं गुणलं. तीन मिलिमीटर जाडीची पोकळ नळी, गुणिले बारा, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. चार सेंटिमीटरवर कापली तर लांबी दीड फूट. आजीच्या चुलीशेजारी पडलेली फुंकणी बरोबर याच मापाची होती. मी रिफील परत टेबलावर ठेवली आणि तोटी कापायला घेतली. तिच्यात शाई शिल्लक आहे हे बोटं निळी झाल्यावर कळलं. तेव्हा पहिली सूचना इथंच देऊन टाकते: रिफील पूर्ण संपलेलीच घ्या, आणि कापताना खाली जुना पेपर हवाच.

घरातल्या भंगारातून बाहुलीघराचं छोटं सामान कसं करायचं, हे खाली पायरीपायरीनं सांगते. उदाहरणाला मी एकच खोली घेतली आहे: आमच्या गावच्या घरातलं चुलीचं स्वयंपाकघर, साधारण १९७५ च्या सुमाराचं. पहिल्यांदा करणाऱ्यानं अख्खं घर करायला घेऊ नये. एक खोली, तीही डोळे मिटले तरी दिसेल अशी. तुमच्यासाठी ती चाळीतली खोली असेल, किराणा दुकान असेल, नाहीतर एसटी कँटीन असेल. पद्धत तीच.

आधी माप

शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ नावाखाली आपण सगळ्यांनी बाटलीचे मोर आणि सीडीची घड्याळं केली आहेत. ती बघणाऱ्याला आधी बाटली दिसते, मग मोर. कारण सुरुवात ‘या बाटलीचं काय करू?’ इथून झालेली असते. बाहुलीघरात उलटं चालायचं. आधी काय हवं आणि केवढं हवं हे ठरवायचं, मग त्या मापाचं भंगार घरात शोधत हिंडायचं.

माप आहे एकास बारा. खऱ्या जगातला एक फूट म्हणजे बाहुलीघरातला एक इंच. जगभरचे बाहुलीघरवाले बहुतेक याच मापात काम करतात. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात केलेलं, नळाला पाणी आणि दिव्यांना वीज असलेलं प्रसिद्ध बाहुलीघर याच मापाचं आहे. ते विंडसरच्या किल्ल्यात ठेवलं आहे. त्याचा आराखडा एडविन लट्यन्स यांचा, म्हणजे ज्यांनी नवी दिल्ली आखली तेच. आपल्या भातुकलीत असं माप नसतं. तिथं बंब तांब्याएवढा आणि तवा परातीएवढा असला तरी खेळ अडत नाही. खेळायला ती भातुकली उत्तमच. पण खोली ‘खरी’ वाटायला हवी असेल, तर प्रत्येक वस्तूला एकच भागाकार लागतो.

सोय अशी की इंचाची पट्टी हातात असेल तर हिशोबच करावा लागत नाही. पाच फुटांची बाई पाच इंचांची. अडीच फूट उंच टेबल अडीच इंचांचं. सेंटिमीटरमध्ये काम करायचं असेल तर वस्तू मोजा आणि बारानं भागा. भंगार हातात आलं की उलट, बारानं गुणा. मी तर आता बाजारात उभी राहूनही गुणते. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, गुणिले बारा ३२ सेंटिमीटर: जेवायचं ताट. पेन्सिलचं बूड सात मिलिमीटर, म्हणजे साडेआठ सेंटिमीटर: वाटी. आइसक्रीमची काडी दोन मिलिमीटर जाड, म्हणजे जवळपास एक इंच जाडीची फळी. एवढे तीन गुणाकार पाठ झाले की निम्मं काम झालंच.

एक मिलिमीटर चुकलं तर खऱ्या जगात ती सव्वा सेंटिमीटरची चूक असते, हेही लक्षात असू द्या. दाराला चालेल, वाटीच्या काठाला चालत नाही.

काय जमवायचं आणि काय नाही

एक डबा करा आणि त्यात महिनाभर टाकत राहा: काड्यापेट्या, आइसक्रीमच्या काड्या, जळून उरलेल्या उदबत्तीच्या काड्या, चायनीजसोबत येणाऱ्या लाकडी काड्या, मलमांच्या धातूच्या ट्यूबा, पार्सलचे फॉइलचे डबे, डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्यांची टोपणं, तुटलेल्या माळांचे मणी, कोटाची बटणं, जुन्या लग्नपत्रिका, सुतळी, फाटकी सुती साडी. लग्नपत्रिकांचं विशेष कौतुक करते. इतका जाड, सपाट, सुरेख कागद दुसरीकडे फुकट मिळत नाही, आणि घरोघरी त्यांचा गठ्ठा ‘असू दे, देवाचं नाव आहे’ म्हणून पडून असतो. गणपतीचं चित्र कापून बाजूला ठेवा, बाकीचा कागद वापरा.

सुया, इंजेक्शनच्या कुप्या, ब्लेडचे तुकडे असलं काही घेऊ नका. थर्माकोलही मी टाळते. हलका असतो म्हणून मोह होतो, पण फेविक्विक किंवा स्प्रेचा रंग लागला की तो विरघळून खड्डे पडतात.

खरं धान्य आणि खाऊ तर अजिबात नको. माझ्या पहिल्या स्वयंपाकघरात मी हौसेनं राजगिरा, खरा गूळ आणि चिमूटभर डाळीची भरड ठेवली होती. आठ दिवसांनी खोक्याच्या मागच्या भिंतीतून मुंग्यांची शिस्तीत रांग. गुळाच्या जागी आता उदी रंग दिलेला एम-सीलचा गोळा असतो आणि मसाल्यांच्या जागी रांगोळीचे रंग.

हत्यारं घरातलीच: कटर, स्टीलची पट्टी, छोटी कात्री, नेलकटर, भुवयांचा चिमटा, पॉलिश पेपर, टूथपिक आणि जुनी रबरी स्लिपर. स्लिपरचं काम पुढे येतंय. कटर वापरताना पट्टी नेहमी स्टीलचीच. प्लास्टिकची पट्टी कटर सोलून काढतो आणि मग थेट बोटावर येतो. मुलं सोबत असतील तर कटर मोठ्यांच्याच हातात.

चिकटवण्याबद्दल दोन शब्द. फेविकॉल कागद, पुठ्ठा, लाकूड, कापड यांना. ते धातूला आणि प्लास्टिकला धरत नाही, कारण त्याला आत शिरायला जागाच मिळत नाही. धातू लाकडावर बसवायचा असेल तर एम-सील किंवा फेविक्विकचा अगदी कण, टूथपिकच्या टोकावर घेऊन. फेविक्विक सुती कापडावर सांडू देऊ नका. कापसाशी गाठ पडली की ते चटका बसण्याइतकं तापतं. शिवाय चकचकीत पृष्ठभागावर त्याचा पांढरट धूर बसतो आणि तो पुसून जात नाही.

खोक्याची खोली

माझं बुटाचं खोकं ३० बाय १९ बाय ११ सेंटिमीटरचं होतं. लांब बाजूवर आडवं उभं केलं की बारा फूट रुंद, साडेसात फूट उंच खोली झाली. पुढून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर मात्र जेमतेम सव्वाचार फूट. इतक्यात चूल मांडली तर स्वयंपाक करणारी बाहेरच बसेल. उपाय झाकणात आहे: ते खोक्यापुढे जमिनीसारखं जोडून टाका. ११ आणि १९ मिळून ३० सेंटिमीटर, म्हणजे बारा बाय बाराची ऐसपैस खोली. साडेसात फूट उंची कमी वाटेल, पण माळ्याखालची स्वयंपाकघरं तेवढीच असत. उंच माणूस वाकूनच आत यायचा.

पुठ्ठ्याला आतून फेविकॉल लावून कागद चिकटवला की तो वाळताना आत वाकतो. म्हणून आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावा आणि चारही भिंतींना वजनं टेकवून रात्रभर ठेवा. ही पायरी कंटाळवाणी आहे, म्हणून सगळे ती गाळतात, आणि महिन्याभरात त्यांच्या भिंतींना पोट येतं.

वाळलं की कोनाडे. आता काड्यापेटीचं काम. तिच्या आतल्या कप्प्याएवढं भोक भिंतीत कापा आणि कप्पा मागून, तोंड खोलीकडे करून चिकटवा. भिंतीची जाडी एकदम कळते. पूर्ण कप्पा ठेवलात तर मधे लग्नपत्रिकेची पट्टी घालून फडताळ होतं. अर्धा कापलात तर दिवा ठेवायचा कोनाडा.

भिंतीला रंग देण्याआधी पातळ फेविकॉल लावून त्यावर पांढरी रांगोळी चाळणीनं भुरभुरा. वाळल्यावर जास्तीची झटका आणि वरून पांढरा रंग द्या, त्यात निळीचा एकच थेंब. चुना दिलेल्या भिंतीचा खरखरीतपणा येतो. खालच्या दोन-तीन इंचांना गेरूचा पट्टा दिलात तर अजून बरं.

जमीन शहाबादी फरशीची. लग्नपत्रिकांचे पाच सेंटिमीटरचे चौरस कापा, म्हणजे दोन फुटी फरशी होते. प्रत्येक चौरसाला करड्या रंगात थोडा हिरवा, थोडा निळा, थोडा मातकट असा वेगळा हात द्या. सगळ्या फरश्या एकाच रंगाच्या झाल्या तर ती दुकानातली टाइल वाटते. मधे केसाएवढी फट सोडून बसवा आणि फटीत पातळ काळपट रंग सोडून लगेच पुसून घ्या. शेवटी कोरड्या मेणबत्तीनं हलकं घासून फडक्यानं चमकवा, पण फक्त चालायच्या वाटेवर: दारापासून चुलीपर्यंत. कोपऱ्यातली फरशी निस्तेजच राहू द्या.

आढ्याला कडीपाट हवा असेल तर चायनीजच्या लाकडी काड्या कड्या म्हणून आणि वर आइसक्रीमच्या काड्या पाट म्हणून. पाच-सहा मिलिमीटरची काडी म्हणजे अडीच इंचांची कडी. छोट्या घराला शोभते.

लाकूडकाम

आइसक्रीमच्या काड्या साबणानं धुऊन उन्हात कडक वाळवा. कात्रीनं कापल्या तर त्या उभ्या चिरतात. दोन्ही बाजूंनी कटरनं खोल रेघ पाडा आणि मग मोडा. काड्यापेटीच्या काड्यांना नेलकटर झकास, फक्त गुल आधी काढून टाका.

पहिला सराव बसायच्या पाटाचा करा. काडीचे साडेचार सेंटिमीटरचे चार तुकडे शेजारीशेजारी, खाली दोन आडव्या पट्ट्या. पट्टीसाठी काड्यापेटीच्या दोन काड्या एकावर एक, म्हणजे जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटर उंची मिळते. पुढे याच कौशल्यावर फळ्या, चौरंग, दार सगळं होतं.

रंगाचा क्रम इथं महत्त्वाचा आहे. लाकडाला जुना रंग द्यायला उरलेला कडक चहा किंवा कॉफीचं घट्ट पाणी लावतात. ते तुकडे जोडायच्या आधी लावा. फेविकॉलचा ओघळ एकदा लाकडावर बसला की तिथं चहा शिरत नाही आणि पांढरट डाग कायमचा राहतो. याउलट उदी बूट पॉलिश लावायचं असेल तर ते सगळं जोडून झाल्यावर, कारण मेण चढलेल्या लाकडावर फेविकॉल धरत नाही. चहा आधी, पॉलिश नंतर. मी तीन पाट फुकट घालवून हे शिकले.

पोळपाट मात्र लाकडाचा करत बसू नका. कोटाचं २० ते २२ मिलिमीटरचं उदी बटण घ्या, भोकं एम-सीलनं बुजवा, घासा, खाली काडीचे तीन पाय. गुणून पाहा: दहा इंची पोळपाट. लाटण्याला बांबूच्या इअरबडची काडी, कापूस काढून आणि दोन्ही टोकं पॉलिश पेपरवर फिरवून निमुळती केलेली. टूथपिकचं लाटणं पुष्कळ जण करतात. ते काडीच दिसतं, कारण ते तेवढंच बारीक असतं.

भांडी: इथं वेळ द्या

स्वयंपाकघराची जान भांड्यांत, आणि बहुतेक नवखे इथंच घाई करतात. चांदीच्या कागदाची चुरगळलेली वाटी करून मोकळे होतात.

पत्रा दोन प्रकारचा. पार्सलच्या फॉइलच्या डब्याचा सपाट तळ, किंवा मलमाच्या धातूच्या ट्यूबा. यातल्या काही ट्यूबा आतून सोनेरी असतात, आणि मला हे कळलं त्या दिवशी मी घरातली सगळी मलमं हलवून कुठली संपत आली ते बघितलं होतं. ट्यूबचं तोंड आणि दुमडलेलं बूड कात्रीनं काढून टाका, उभी चिरा, कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, आणि दोन वर्तमानपत्रांच्या मधे ठेवून लाटण्यानं सपाट करा. कडा धारदार असतात, जाड फडकं हातात असू द्या. बाहेरची छपाई बारीक पॉलिश पेपरनं गोल गोल घासून काढली की खालचा पांढरा धातू दिसतो. आता तुमच्या हातात एका अंगानं पिवळा आणि दुसऱ्या अंगानं रुपेरी पत्रा आहे. पितळेचं भांडं आणि आतून कल्हई.

ताट असं करायचं. पत्र्यावर दहाचं नाणं ठेवून त्याच्याभोवती चार मिलिमीटर जास्त सोडून गोल कापा. कंपास नसेल तर मधे नाणं आणि बाहेर पेन्सिलची अर्धी जाडी, एवढा अंदाज पुरतो. गोल तुकडा स्लिपरच्या तळव्यावर ठेवा, पिवळं अंग खाली. नाणं बरोबर मधे ठेवून अंगठ्यानं घट्ट दाबून धरा. रबर दबतं आणि काठ आपोआप थोडा वर उचलला जातो. मग चमच्याच्या पाठीनं काठ नाण्याच्या कडेला टेकवत जा, एकाच जागी जोर न देता, गोल फिरत. चुण्या पडतील. घाबरू नका, पेनाच्या दांड्यानं बाहेरून हलके घासत गेलं की त्या बसतात. नाणं काढा, काठ कात्रीनं एकसारखा तीन मिलिमीटरवर कापा आणि वरची कड नखानं बाहेर किंचित वळवा. ही वळलेली कड फार महत्त्वाची. तिच्यामुळे पत्रा जाड असल्यासारखा दिसतो आणि बोटही कापत नाही. पहिली दोन ताटं वाकडी होतील. ती फेकू नका, चुलीमागे ठेवायला लागतात.

वाटीसाठी स्लिपरच्या अंगठ्याजवळचं पट्ट्याचं भोक. १४ मिलिमीटरचा गोल तुकडा भोकावर ठेवा आणि पेन्सिलचं न तासलेलं बूड त्यावर टेकवून हळूहळू आत दाबा, फिरवत फिरवत. वाटी पेन्सिलला चिकटून वर येते. काठ सारखा करा. मधल्या वेळेत पत्रा फाटला तर तो औषधाच्या पाकिटाचा पातळ कागदी फॉइल आहे, डब्याचा घ्या.

परातीला टी-लाइट मेणबत्तीची रिकामी वाटी. ती ३८ मिलिमीटरची असते, म्हणजे गुणून अठरा इंच. काठ पाच मिलिमीटरवर कापायचा आणि बाहेर वळवायचा. दिवाळीनंतर अशा वीस-तीस वाट्या सहज मिळतात. उरलेलं मेण गरम पाण्यात सोडवा, चाकूनं खरवडू नका. चाकूचे ओरखडे नंतर घासलेल्या परातीसारखे दिसतील अशी माझी समजूत होती. ते चाकूच्या ओरखड्यांसारखेच दिसतात.

मिसळणाच्या डब्याचं एक गणित मला फार आवडतं. एक गोल मधे ठेवला तर त्याच्याभोवती तेवढेच सहा गोल बरोबर बसतात, ना सैल ना घट्ट, आणि सगळ्यांना कवेत घेणारा डबा तिप्पट रुंदीचा लागतो. सहा मिलिमीटरची कागदी स्ट्रॉ घ्या, तिच्या तीन मिलिमीटर उंचीच्या सात चकत्या कापा. डबा आतून अठरा मिलिमीटरचा. गुणिले बारा, साडेआठ इंच. आपले खरे डबेही साधारण तेवढेच असतात. चकत्यांना रुपेरी रंग, आत फेविकॉलचा थेंब आणि त्यावर रांगोळी: पिवळी, लाल, उदी, पांढरी. मोहरीच्या वाटीत काळी रांगोळी थोडी भरड ठेवा.

लोणच्याच्या बरणीला डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीचं पांढरं टोपण. उंची दोन सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पाऊण फूट. पण टोपणाच्या अंगावर उभ्या रेघा असतात आणि त्या चुगली करतात. त्या झाकायला टिश्यू पेपरचे तुकडे पातळ फेविकॉलनं दोन थरांत लावा आणि वाळल्यावर घासा. खालचे दोन भाग सायीच्या रंगाचे, वरचा खांदा मधासारखा तपकिरी, वर चपटा मणी झाकण म्हणून, आणि शेवटी रंग नसलेलं नेलपॉलिश. चिनी मातीची झिलई येते. तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दोन सेंटिमीटरचा तुकडा दोऱ्यानं बांधलात की आत कैरीचं लोणचं आहे हे सांगावं लागत नाही.

उतरंड तुटक्या माळेच्या मण्यांची. गाडीच्या सीटवर घालतात त्या लाकडी मण्यांच्या आच्छादनाचे मणी खाली, वर लहान होत जाणारे. भोक वरच्या बाजूला आलं की तेच मडक्याचं तोंड.

चूल, जातं आणि लगदा

पूर्वी सुपं-टोपल्या कागदाच्या लगद्यानं लिंपायची पद्धत होती आणि लगद्यात मेथी वाटून घालत. त्यानं लगदा चिकट होतो. तेच इथं करायचं. वर्तमानपत्राची दोन पानं बारीक फाडून रात्रभर भिजवा, सकाळी हातानं कुस्करून अगदी लापशी करा, फडक्यातून पिळा. त्यात भिजवून वाटलेली चमचाभर मेथी आणि दोन चमचे फेविकॉल. मिक्सर वापरायचा मोह होईल, पण शाईचा कागद आणि खाण्याचं भांडं एकत्र नको.

चूल घोड्याच्या नालासारखी, बाहेरून तीन सेंटिमीटर, उंची दोन सेंटिमीटर, वर भांडं टेकायला तीन उंचवटे. शेजारी वैल विसरू नका, म्हणजे मागून जाळ घेणारं छोटं गोल तोंड, ज्यावर आमटी गरम राहते. लगदा वाळताना आक्रसतो, तेव्हा सगळं थोडं मोठंच करा. भेगा पडल्या तर बुजवू नका. खऱ्या चुलीलाही पडतात. सावलीत दोन-तीन दिवस वाळू द्या. पावसाळ्यात हे काम काढू नका, बुरशी येते. वर मातकट रंग आणि कडेनं पांढऱ्या रांगोळीचे चार ठिपके.

जात्याला पाण्याच्या बाटलीचं झाकण पुठ्ठ्यावर ठेवून चार चकत्या आखा. झाकण तीन सेंटिमीटरचं, म्हणजे एक फुटाहून जरा मोठं जातं. खोक्याच्या जाड पुठ्ठ्याच्या दोन दोन चकत्या जोडून खालची आणि वरची तळी करा. कड्यांतून पुठ्ठ्याच्या नळ्या दिसतात, त्या लगद्यानं लिंपा. वरच्या तळीला मधे तोंड आणि कडेला टूथपिकचा खुंटा. सगळ्यावर फेविकॉल आणि करडी रांगोळी. वाळल्यावर टाचणीनं ठिपके टोचले की नुकतंच टाकी लावून आणलेलं जातं तयार.

कापड, कागद, केरसुणी

कापडाची अडचण अशी की ते लहान होतं, पण त्याची जाडी लहान होत नाही. बाहुलीच्या मापाचं लुगडं खुंटीवर टांगलं तर ते पुठ्ठ्यासारखं ताठ राहतं. म्हणून धुऊन धुऊन विरलेली सुती साडी किंवा जुना रुमालच घ्या, पाण्यात थोडा फेविकॉल कालवून त्यात बुडवा, ओलं असतानाच चुण्या पाडून टाचण्यांनी अडकवा. छाप अगदी बारीक हवी. एक सेंटिमीटरचं फूल म्हणजे पाच इंचांचं फूल, हे साडी निवडताना आठवा.

स्वयंपाकघरात कालनिर्णय हवंच. ते १९७३ पासूनचं, तेव्हा माझ्या १९७५ च्या खोलीत चालतं. जुनं पान झेरॉक्सवाल्याकडून आधी २५ टक्क्यांवर आणि आलेल्या प्रतीचं पुन्हा ३३ टक्क्यांवर करून घ्या. दोन्ही मिळून सव्वाआठ टक्के, म्हणजे जवळजवळ बारावा भाग. झेरॉक्सवाला एकदा विचित्र नजरेनं बघतो, तेवढं सोसायचं.

केरसुणीला खऱ्या केरसुणीचेच चार-पाच हीर, आठ सेंटिमीटरवर कापलेले, टोकाला सुई घालून बारीक चिरलेले आणि वर दोऱ्यानं आवळून बांधलेले. फक्त वापरातल्या केरसुणीतून उपटू नका. मी उपटले, आणि लक्ष्मी आहे ती, असं म्हणत आईनं पूर्ण सकाळ माझ्याशी बोलणं टाकलं.

काजळी

सगळं मांडून झालं की खोली फार स्वच्छ दिसते, आणि म्हणून खोटी. आता ती वापरा. मुदत संपलेली काजळपेन्सिल आणि आयशॅडो फेकू नका. काजळ बोटावर घेऊन चुलीच्या मागच्या भिंतीवर खालून वर पुसत न्या, वर जाता जाता फिकट. आढ्याच्या कडांनाही. तव्याला आणि पातेल्याच्या बुडाला काळं, पण काठाला नाही, कारण काठ रोज घासला जातो. उदी आयशॅडोचा हात फडताळाजवळ, जिथं हात सारखा लागतो तिथं. चुलीपुढे राखेसाठी उदबत्तीची राख, फेविकॉलच्या पाण्यानं बसवलेली. एक ताट भिंतीला टेकलेलं, एक वाटी उपडी, फुंकणी जरा तिरकी. सगळं सरळ रांगेत लावलं तर ते भांड्यांचं दुकान होतं.

दिवा आणि काच

चुलीत जाळ हवा असेल तर दिवाळीच्या माळेतला एक पिवळा एलईडी, पुढे नारिंगी टॉफीच्या कागदाचा तुकडा, आणि माळेचा दोन पेन्सिल सेलचा डबा खोक्यामागे. बटणाएवढे चपटे सेल घरात लहान मूल असेल तर वापरू नका. ते गिळलं गेलं तर अन्ननलिका थोड्या तासांत भाजते.

धुळीसाठी समोर पारदर्शक फाइलचं पान लावा, वरून बिजागरीसारखं चिकटपट्टीनं, म्हणजे उचलता येतं. महिन्यातून एकदा मऊ ब्रशनं झटकायचं. ओलं फडकं नको, रांगोळी सुटते.

आई हे सगळं बघायला आली तेव्हा चष्मा लावून बराच वेळ वाकून बसली. वैल डावीकडे होता गं, एवढंच म्हणाली. मग करंगळी आत घालून दारामागे मी उभी केलेली केरसुणी तिनं आडवी केली.